अक्षरी दर

निळ्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइल पेंटनं
मीच लिहिला होता तो बोर्ड.
अटक झालेल्याचे अधिकार, मुद्दे अकरा, हिंदीत.
अक्षरी दीड रुपया ठरला,
काना-मात्रा फुकट.
तेव्हाचे टीआयसाहेब म्हणाले,
भिया, अक्षर जरा बारीक काढ,
एका पत्र्यात बसलं पाहिजे सगळं.
बसवलं.

बत्तीस वर्षं हेच केलंय इंदुरात.
जेल रोडची शटरं, टेम्पोमागचे शेर,
निवडणुकीच्या भिंती, दोन्ही पक्षांच्या,
सराफ्यातल्या एका रबडीवाल्याची गाय.
गाय लोक थांबून बघायचे.
बोर्ड कुणी वाचला का, ठाऊक नाही.
लिहिताना मीही वाचला नव्हता.
पेंटर अर्थ बघत नाही,
दोन अक्षरांमधली मोकळी जागा बघतो.

मंगळवारी रात्री नऊला उचलला दुलीचंदला.
पारध्यांच्या डेऱ्यावरचा पोरगा, माझ्या हाताखालचा,
एकोणीसचा, रेघ सरळ मारायचा.
कुणाचा तरी मोबाइल गेला होता, म्हणे.
नोंद झाली गुरुवारी, सकाळी सातची.
मधली रात्र, मधला दिवस, मधली रात्र
ठाण्याच्या कुठल्याच वहीत नाही.
त्याच्या तळव्यांवर आहे.

विचारायला गेलो तर बाकावर बसवलं,
माझ्याच बोर्डासमोर,
दहा ते चार.
काय करणार, वाचत बसलो.

पहिला मुद्दा: पकडणाऱ्याच्या छातीवर नाव दिसावं.
समोरच्या शिपायाचं नाव खिशात होतं, विडीच्या बंडलाशेजारी.
तिसरा: घरच्यांना कळवावं.
त्याची आई रस्त्यापलीकडे, पोह्याच्या गाडीआड उभी.
पारध्याच्या बाईला ठाण्यात शिरायला वेळ लागत नाही,
निघायला लागतो.
सातवा: अंगावरच्या जखमा तपासून लिहाव्यात, दोघांनी सही करावी.
सातव्यात 'चोट'चा ट ओघळला होता तेव्हा,
पुसायचा राहून गेला.
अजून तसाच लोंबतोय, वाळून टणक.

आतून आवाज आला. मग आला नाही.
न येणं जास्त ऐकू आलं.

मी उठून म्हणालो, साहेब, दुसरा मुद्दा,
तारीख आणि वेळ.
टीआय नवे होते. खुर्ची तीच.
कुणी शिकवलं तुला हे?
मी बोर्डाकडे बोट केलं.
कानाखाली बसली ती एकच,
पण आठ दिवस त्या कानात
शिट्टी वाजत होती कुकरची.

मग मुन्शीला साक्षीदार हवा होता मेमोवर.
हाच चालेल, शिकलेला आहे.
कागद पुढे. अटक, गुरुवार, सकाळी सात. जखमा, निरंक.
पैसे घेऊन मी काय नाही लिहिलं आजवर?
बवासीर मुळापासून, भाव रास्त,
अमुकलाच निवडून द्या.
सही करताना हात थरथरला नाही,
एवढीच शरम वाटते अजून.
सहीखालच्या रेघेत मात्र,
जिथं लोक नुसता फाटा ओढतात,
मी लिहिलं, मंगळवार, रात्री नऊ. तळवे पाहा.
मोहरीएवढं.
बारीक अक्षर त्यांनीच काढायला लावलं होतं.
मुन्शीनं शाई सुकायला फुंकर घातली
आणि फाइल बंद केली.

कोर्टात मॅडमनी चश्मा कपाळावर सरकवला,
कागद नाकाशी धरला.
साक्षीदार कोण?
ही रेघ आहे का अक्षरं?
मोठ्यानं वाचा.

बत्तीस वर्षांत माझं लिहिलेलं
मोठ्यानं वाचायला कुणी सांगितलं नव्हतं.
घसा खाकरला.
पहिल्यांदा नुसतं मंगळवार एवढंच आलं.

दुलीचंद आता शिडी चढत नाही.
खालच्या ओळी तो भरतो, वरच्या मी.
चौकशी चालू आहे, असं सांगतात.
परवा ठाण्यातून निरोप आला,
बोर्डाचा रंग उडालाय, नवा करून दे,
आणि या वेळी जरा वरच्या बाजूला टांग.
मी दर सांगितला.
काना-मात्रा आता फुकट नाहीत.